शिक्षा केली, दिली की झाली? इंग्रजीतलं ‘पनिश’ वापरायला शिकताना

फेब्रुवारी संपत आला होता. सोलापुरात तेव्हापासूनच ऊन चटके द्यायला लागतं. एका संध्याकाळी पूर्व भागातले एक गृहस्थ आमच्या दारात उभे राहिले. यंत्रमागावर टॉवेल विणायचं काम करतात. घरात तेलुगू बोलतात आणि बाहेर माझ्याइतकंच सफाईदार मराठी. मी घरी इंग्रजीचे वर्ग घेते हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. खिशातून वहीचं घडी घातलेलं पान काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, “बाई, एवढं नीट करून द्या. पोराच्या शाळेत द्यायचंय.”

पानावर एकच वाक्य होतं: ‘सर गिव्ह पनिश टू माय सन.’

“अण्णा, आधी मराठीत सांगा, झालं काय?” मी विचारलं. मुलगा सहावीत. दहा मिनिटं उशिरा पोचला, म्हणून त्याला अख्खा तास मैदानात उन्हात उभं केलं. रात्री अंगात ताप भरला. वडिलांना भांडायचं नव्हतं, पण गप्पही बसायचं नव्हतं. शाळेचा सगळा कारभार इंग्रजीतून चालतो, म्हणून त्यांना इंग्रजीतच लिहायचं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ते वाक्य उसवलं आणि पुन्हा विणलं. ज्या क्रमानं विणलं, त्याच क्रमानं इथे मांडते. वाचताना वही-पेन जवळ ठेवा आणि प्रत्येक पायरीला स्वतःच्या घरातलं, कामावरचं एक तरी वाक्य लिहा. नुसतं वाचून क्रियापद हाताला येत नाही.

शब्दाच्या पोटात काय आहे

सोलापूरकरांना ‘शिक्षा’ शब्दाचा अर्थ कुणी शिकवायला नको. मराठीत शिक्षा, तेलुगूत शिक्ष, कन्नडमध्ये शिक्षे. गावातल्या या तिन्ही भाषांत अर्थ एकच: केलेल्या चुकीबद्दल भोगावं लागतं ते. हिंदीत मात्र शिक्षा म्हणजे शिक्षण, आणि आपण जिला शिक्षा म्हणतो ती तिथे सजा. मूळ संस्कृत धातू शिकण्याचाच आहे. त्यामुळे आपल्याकडच्या ‘शिक्षा’ शब्दात ‘यातून काहीतरी शीक’ हा भाव अजूनही कुठेतरी आहे. आई म्हणते, “चांगली शिक्षा झाली, आता परत करणार नाहीस.”

इंग्रजी ‘पनिश’च्या मुळाशी शिकणं नाही, भरपाई आहे. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमध्ये ‘पीना’ म्हणजे दंड. त्याच्याही मागे ग्रीक शब्द आहे, आणि त्याचा एक अर्थ सांडलेल्या रक्तापोटी मोजून द्यायची रक्कम असा होता. याच कुळातले पेनल्टी, पीनल कोड आणि सबपीना हे शब्द आपल्या कानावरून गेलेले असतात. दुखणं या अर्थाचा इंग्रजी ‘पेन’ही याच घरातला. लिहायच्या पेनचं घराणं वेगळं, ते पिसापासून आलं.

म्हणून ‘पनिश’चा अर्थ मी असा सांगते: कुणी काही चुकीचं केलं असं मानून त्याला मुद्दाम त्रास, तोटा किंवा बंधन सोसायला लावणं. यातल्या ‘असं मानून’ या दोन शब्दांकडे नीट लक्ष द्या. चूक खरंच झाली होती की नव्हती, हे क्रियापद सांगत नाही. ते शिक्षा करणाऱ्याच्या बाजूनं बोलतं. आणि त्रास नेमका कसला दिला, छडी मारली, दंड घेतला की फासावर चढवलं, हेही ते सांगत नाही. या दोन्ही गोष्टी पुढे फार उपयोगी पडणार आहेत.

उच्चार आणि रूपं

स्पेलिंग पी-यू-एन-आय-एस-एच. ‘यू’ बघून पुष्कळ जण ‘पुनिश’ म्हणतात. उच्चार ‘पनिश’, आणि जोर ‘प’वर. तो, ती, एखादा नियम किंवा कायदा कर्ता असेल तर ‘पनिशेस’. चालू क्रियेसाठी ‘पनिशिंग’. भूतकाळात शेवटी ई-डी लागतं, पण त्याचा उच्चार ‘ट’ होतो: पनिश्ट. ‘पनिशेड’ नाही. आपण ‘फिनिश्ट’, ‘वॉश्ट’ म्हणतो तसंच. मोठ्यानं दहा वेळा म्हणा, जीभ वळते.

पहिली पायरी: नाम की क्रियापद, एकाच्या बाजूनं उभे राहा

अण्णांनी ‘गिव्ह पनिश’ का लिहिलं? कारण त्यांच्या मनात मराठी वाक्य होतं, “सरांनी शिक्षा दिली.” आपल्या भाषेत शिक्षा हे नाम आहे. त्याच्या मदतीला कुठलंतरी क्रियापद लागतंच: शिक्षा करणे, देणे, होणे, भोगणे, ठोठावणे. इंग्रजीत ‘पनिश’ या एका शब्दात नाम आणि क्रियापद दोन्ही सामावलेले आहेत. तो स्वतःच ‘शिक्षा करणे’ आहे. त्याच्या आधी ‘गिव्ह’ किंवा ‘डू’ लावलं तर ‘शिक्षा करणे देणे’ असं काहीतरी होतं.

नामच हवं असेल तर ‘पनिशमेंट’ घ्या. ‘गिव्ह अ पनिशमेंट’ म्हटलं तर चूक नाही. पण रोजच्या बोलण्यात सरळ क्रियापद जास्त ठसठशीत वाटतं. अण्णांच्या वाक्यातून ‘गिव्ह’ गेलं.

‘सर’ही गेलं. आपण मराठीत “सर म्हणाले” म्हणतो तसं इंग्रजीत ‘सर सेड’ चालत नाही. तिथे ‘सर’ हाक मारण्यापुरता. पत्रात ‘द क्लास टीचर’ लिहावं, नाहीतर नाव माहीत असेल तर त्याआधी ‘मिस्टर’.

दुसरी पायरी: ‘ला’ बघून ‘टू’ लावू नका

माझ्या वर्गात सगळ्यात चिवट चूक ही. “मुलाला शिक्षा केली” यातला ‘ला’ दिसला की हात आपोआप ‘टू’ लिहितो. ‘पनिश’नंतर माणूस थेट येतो, मध्ये कुणाचीही मध्यस्थी नको. ‘द टीचर पनिश्ट माय सन.’ ‘हर मदर पनिश्ट हर.’ ‘दे पनिश्ट अस ऑल.’

मी मुलांना एक सवय लावते. ‘पनिश’ लिहिलं की लगेच स्वतःला विचारायचं, “कुणाला?” आणि उत्तर पुढच्याच शब्दात द्यायचं. सर्वनाम असेल तर ‘हिम, हर, मी, अस, देम’ ही रूपं. ‘पनिश्ट ही’ किंवा ‘पनिश्ट आय’ नाही.

माणसाच्या जागी गुन्हाही येऊ शकतो: ‘द लॉ पनिशेस थेफ्ट.’ कायदा चोरीला शिक्षा करतो. हे वर्तमानपत्रात जास्त दिसतं, घरगुती बोलण्यात कमी.

आता अण्णांचं वाक्य झालं: ‘द क्लास टीचर पनिश्ट माय सन.’ व्याकरणात बसलं. तरी मुख्याध्यापकांना यातून काय कळणार?

तिसरी पायरी: कशाबद्दल, त्यासाठी ‘फॉर’

मराठीतल्या ‘बद्दल’ची किंवा ‘म्हणून’ची जागा इथे ‘फॉर’ घेतो. ‘फॉर’नंतर एक तर नाम येतं, नाहीतर ‘-इंग’ लावलेलं क्रियापद. ‘पनिश्ट हिम फॉर कमिंग लेट.’ ‘पनिश्ट देम फॉर चीटिंग.’ ‘पनिश्ट हर फॉर हर मिस्टेक.’ ‘फॉर ही केम लेट’ असं पूर्ण वाक्य ‘फॉर’ला जोडू नका. पूर्ण वाक्यच हवं असेल तर ‘बिकॉज’ आहे: ‘बिकॉज ही केम लेट.’

एखादी गोष्ट न केल्याबद्दल शिक्षा असेल तर ‘नॉट’ हा ‘-इंग’च्या आधी येतो. गृहपाठ न केल्याबद्दल: ‘फॉर नॉट डूइंग हिज होमवर्क.’ इथे अडखळणारे फार भेटतात, म्हणून चार वाक्यं लिहून बघाच: भाडं न भरल्याबद्दल, डबा न खाल्ल्याबद्दल, खरं न सांगितल्याबद्दल, गणवेश न घातल्याबद्दल.

‘ऑफ’, ‘ऑन’, ‘अबाउट’ इथे चालत नाहीत. ‘पनिश्ट ऑफ’ दिसलं की खोडून टाका.

चौथी पायरी: कशी शिक्षा केली

पत्राचा जीव इथे असतो, म्हणून जरा थांबू.

शिक्षेची पद्धत सांगायला ‘बाय’ आणि त्यानंतर ‘-इंग’. आपल्या शाळांतल्या शिक्षा बहुतेक ‘करायला लावणे’ या जातीच्या असतात, आणि ‘लावणे’साठी इंग्रजीत ‘मेक’ आहे. उभं राहायला लावलं: ‘मेड हिम स्टँड’. इथे ‘स्टँड’च्या आधी ‘टू’ येत नाही. दोन्ही जोडलं की होतं: ‘पनिश्ट हिम बाय मेकिंग हिम स्टँड इन द सन.’

अंगठे धरायला लावले: ‘मेड हिम बेंड डाउन अँड होल्ड हिज टोज.’ शंभर वेळा लिहायला लावलं: ‘मेड हर राइट इट अ हंड्रेड टाइम्स.’ उठाबशांसाठी आपल्याकडे ‘सिट-अप्स’ म्हणतात, पण भारताबाहेरच्या माणसाला त्यातून पाठीवर झोपून करायचा व्यायाम दिसतो. त्याला समजायला हवं असेल तर ‘मेड हिम डू स्क्वॉट्स होल्डिंग हिज इअर्स’ असं लिहा. कोंबडा करण्याला इंग्रजीत एक शब्द नाही. वाकून, पायांखालून हात घालून कान धरायला लावले, असं वर्णनच करावं लागतं. आणि वर्णन केलेलंच बरं. ते वाचताना वाचणाऱ्याला त्या मुलाची पाठ दिसते.

‘पनिश’ हा शब्द झाकणासारखाही वापरता येतो. ‘द चाइल्ड वॉज पनिश्ट’ म्हटलं की आत काय घडलं ते दिसतच नाही. पाच मिनिटं कोपऱ्यात बसवलं तरी ‘पनिश्ट’, आणि पट्टीनं वळ उठेस्तोवर मारलं तरी ‘पनिश्ट’. म्हणून तक्रार लिहायची असेल तर प्रत्यक्ष कृतीचं क्रियापद शोधा. एकदा मारलं तर ‘हिट’. थप्पड मारली तर ‘स्लॅप्ट’. छडीनं मारलं तर ‘केन्ड’. पुन्हा पुन्हा मारलं तर ‘बीट’. झालं असेल तेवढंच लिहा, वाढवू नका आणि घटवूही नका. एका थपडेला ‘बीट’ लिहिलं तर समोरचा त्याच शब्दावर बोट ठेवून तुमची अख्खी तक्रार बाजूला सारतो.

दुसऱ्या टोकाला ‘रागावणे’ आहे. “सर मला रागावले” हे मराठीत नुसत्या बोलण्याबद्दल असतं. त्यासाठी ‘स्कोल्डेड’ घ्या. ‘गॉट अँग्री विथ मी’ म्हणजे राग आला, बोललेच असं नाही. बोलणं खाल्लं पण बाकी काही सोसावं लागलं नाही, तर तिथे ‘पनिश’ नको. मी अण्णांना विचारलं, “नुसते रागावले का?” ते म्हणाले, “रागावले असते तर मी आलोच नसतो बाई. रागवायलाच पाहिजे.”

पाचवी पायरी: शिक्षा झाली

सगळ्यांत महागात पडणारी चूक इथे होते. “मला काल शिक्षा झाली” या वाक्यात कर्ता आहे ‘शिक्षा’, पण बोलणाऱ्याचं लक्ष ‘मला’वर असतं. मग तो लिहितो, ‘आय पनिश्ट येस्टरडे.’ अर्थ पार उलटला! याचा अर्थ होतो, मी काल कुणालातरी शिक्षा केली. सोसणारा माणूस वाक्याच्या सुरुवातीला आला की ‘पनिश्ट’च्या आधी ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ हवंच: ‘आय वॉज पनिश्ट येस्टरडे.’ बोलताना ‘आय गॉट पनिश्ट’ही चालतं. अर्जात, पत्रात ‘वॉज’ लिहा.

पुढचे काळ सोपे आहेत. ‘हॅज बीन पनिश्ट’ म्हणजे झाली आहे. ‘विल बी पनिश्ट’ म्हणजे होईल. ‘शुड नॉट बी पनिश्ट’ म्हणजे होऊ नये. कुणी केली हे सांगायचं असेल तर शेवटी ‘बाय’.

या रचनेचा उत्तम नमुना आपल्या संविधानात आहे. कलम 20 च्या दुसऱ्या पोटकलमात म्हटलंय की एकाच गुन्ह्यासाठी कुणालाही एकाहून अधिक वेळा ‘प्रॉसिक्यूटेड अँड पनिश्ट’ केलं जाणार नाही, ‘फॉर द सेम ऑफेन्स’. कर्म कर्त्याच्या जागी, मग ‘बी पनिश्ट’, आणि कारणाला ‘फॉर’. आपण शिकलो ते सगळं एका वाक्यात.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 अण्णांच्या कामाचं होतं. तिथे ‘पनिश’ऐवजी नाम वापरलंय: कोणत्याही बालकाला ‘फिजिकल पनिशमेंट’ किंवा ‘मेंटल हॅरॅसमेंट’ला ‘सब्जेक्टेड’ केलं जाणार नाही. ‘बी सब्जेक्टेड टू’ म्हणजे एखादी गोष्ट सोसायला लागणं. हे औपचारिक आहे, पण अर्ज लिहिणाऱ्यानं ओळखून ठेवावं. अण्णांना मी हे कलम वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कलमाचा आकडा तळहातावर लिहून घेतला.

एक बारकावा. कर्तरीत ‘मेड हिम स्टँड’, त्यात ‘टू’ नव्हता. वाक्य उलटं फिरवलं की तो परत येतो: ‘ही वॉज मेड टू स्टँड.’ असं का, म्हणून मुलं मला दरवर्षी विचारतात. भाषेची ही जुनी वळणं आहेत, ती पाठच करावी लागतात.

नाम वापरायचं तर

‘पनिशमेंट’भोवती मराठीतल्या क्रियापदांना जोड्या आहेत, पण त्या शब्दाला शब्द जुळत नाहीत. शिक्षा म्हणून: ‘ॲज अ पनिशमेंट’. कडक शिक्षा: ‘सीव्हिअर पनिशमेंट’, ‘स्ट्राँग पनिशमेंट’ नव्हे. शिक्षेतून सुटणे: ‘एस्केप पनिशमेंट’. आणि एखादा गुन्हा शिक्षेविना राहिला तर ‘वेंट अनपनिश्ट’, हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. तुरुंगातली शिक्षा भोगणं मात्र ‘सर्व्ह अ सेंटेन्स’. तिथे ‘पनिशमेंट’ शब्द येतच नाही.

शेजारची क्रियापदं

पैशांचा दंड असेल तर ‘फाइन’ हे स्वतंत्र क्रियापद आहे. ‘मी मजेत आहे’ सांगताना वापरतो तो ‘फाइन’ विशेषण, हा निराळा. वाहतूक पोलिसांनी सात रस्त्यावर अडवून 500 रुपये घेतले तर: ‘दे फाइन्ड मी फाइव्ह हंड्रेड रुपीज.’ आधी माणूस, लगेच रक्कम, मध्ये काही नाही. उलटं: ‘आय वॉज फाइन्ड फाइव्ह हंड्रेड रुपीज फॉर जंपिंग द सिग्नल.’ दंड ठोठावणे या भारदस्त शब्दाला ‘इम्पोज अ फाइन ऑन’.

‘पीनलाइज’ खेळ, परीक्षा आणि नियमांच्या जगातला आहे. यात नैतिक दोष देण्याचा भाव कमी आणि तोटा होण्याचा जास्त. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापतात, त्याला सूचनांमध्ये ‘पेनल्टी’ म्हणतात. उत्तर चुकणं हा गुन्हा नाही, म्हणून तिथे ‘पनिश’ शोभलं नसतं. सोलापुरात अभ्यासिकांमध्ये बसून तयारी करणाऱ्या मुलांनी हा फरक मुलाखतीपर्यंत जपावा.

मग कोर्टातली भाषा. इथे ‘पनिश’ मागे पडतं आणि पायऱ्यांची एक साखळी सुरू होते. प्रत्येक पायरीला स्वतःचा एक छोटा शब्द चिकटलेला आहे. संशय घेऊन आरोप केला, तर ‘अक्यूज्ड ऑफ’. रीतसर आरोप ठेवला, तर ‘चार्ज्ड विथ’. खटला चालला, तर ‘ट्राइड फॉर’. दोषी ठरवलं, तर ‘कन्व्हिक्टेड ऑफ’. शिक्षा सुनावली, तर ‘सेंटेन्स्ट टू’. ऑफ, विथ, फॉर, ऑफ, टू. वर्तमानपत्रातली कुठलीही गुन्ह्याची बातमी घ्या आणि इंग्रजीत सांगून पाहा, या पाचांत घोटाळा झाला की बातमीच बदलते. ‘अक्यूज्ड’ माणसाला ‘कन्व्हिक्टेड’ लिहिणं म्हणजे निकालाआधीच त्याला दोषी ठरवणं.

‘सेंटेन्स’ म्हणजे वाक्य हे शाळेत शिकतो, पण कोर्टात तो न्यायाधीशानं उच्चारलेला निर्णय आहे. ‘ही वॉज सेंटेन्स्ट टू थ्री इयर्स इन प्रिझन.’ वर्षांच्या आधी ‘टू’, ‘फॉर’ नको.

चार हुतात्म्यांबद्दल लिहिताना

दरवर्षी जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची लगबग चालू असताना, इंग्रजी माध्यमातल्या मुलांना चार हुतात्म्यांवर निबंध लिहायचा असतो. हमखास वाक्य येतं: ‘फोर पीपल ऑफ सोलापूर वेअर पनिश्ट बाय द ब्रिटिश.’ मी ते नेहमी थांबवते.

काय घडलं होतं ते आठवा. मे 1930 च्या पहिल्या आठवड्यात गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि सोलापूर रस्त्यावर उतरलं. त्यात गिरणी कामगार मोठ्या संख्येनं होते. 8 मेला पोलिसांनी गोळीबार केला. त्यानंतर काही दिवस शहर इंग्रजांच्या हातात राहिलंच नाही. 12 मेला मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्यावर पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवला गेला, आणि 12 जानेवारी 1931 ला पुण्याच्या येरवडा तुरुंगात चौघांना फाशी दिली.

आता ‘पनिश्ट’ हा शब्द इथे ठेवून पाहा. तो शिक्षा करणाऱ्याच्या बाजूनं बोलतो हे आपण वर पाहिलं. म्हणजे त्या वाक्यात सोलापूर नाही, सरकार बोलतंय. शिवाय फाशी हा शब्दही त्यात नाही, वाचणाऱ्याला वाटेल तुरुंगात टाकलं असेल. मुलांनी लिहावं: ‘द ब्रिटिश गव्हर्नमेंट हँग्ड देम ॲट येरवडा ऑन ट्वेल्थ जॅन्युअरी नाइन्टीन थर्टी वन.’ कुणी, काय, कुठे, कधी. कोर्टाची पायरी सांगायची असेल तर आधी ‘वेअर सेंटेन्स्ट टू डेथ’, आणि मग ‘वेअर हँग्ड’. शिक्षा सुनावणं आणि ती अमलात आणणं या दोन वेगळ्या घटना आहेत.

सरकारच्या नजरेतूनच सांगायचं असेल तर ‘पनिश’ चपखल बसतो: ‘द गव्हर्नमेंट वाँटेड टू पनिश द होल सिटी.’ मार्शल लॉमागचा हेतू हा शब्द नेमका पकडतो. शब्द तोच, पण आता तो कुणाच्या तोंडी आहे हे वाचकाला कळतं.

‘हँग’चा भूतकाळ सांभाळा. माणसाला फाशी दिली तर ‘हँग्ड’. वस्तू टांगली, वाळत घातली तर ‘हंग’. दोरीवर टॉवेल ‘हंग’, येरवड्यात चार माणसं ‘हँग्ड’. इंग्रजी बोलणारे स्वतःही इथे कधी कधी चुकतात, पण हुतात्म्यांवरच्या निबंधात ही चूक असू नये असं मला मनापासून वाटतं.

कायद्याचं वाक्य वाचायला शिका

1860 ची भारतीय दंडसंहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कायदा बदलला तरी इंग्रजी मसुद्यातलं शिक्षेच्या वाक्याचं वळण तेच राहिलं: ‘शॅल बी पनिश्ट विथ’, मग कैद, मग ‘फॉर अ टर्म विच मे एक्स्टेंड टू’ आणि वर्षं, मग ‘ऑर विथ फाइन, ऑर विथ बोथ’. चोरीच्या कलमात ही कमाल मर्यादा पहिल्या वेळेला तीन वर्षांची आहे.

‘मे एक्स्टेंड टू’ म्हणजे तिथपर्यंत वाढू शकते. पुष्कळ लोक “तीन वर्षं होणारच” असं वाचतात, ते चूक. ‘शॅल नॉट बी लेस दॅन’ आलं की मात्र किमान शिक्षा ठरलेली असते. रोजच्या इंग्रजीत ‘पनिश्ट बाय’ आणि ‘पनिशेबल बाय’ही दिसतं, पण आपल्या कायद्यांत ‘विथ’ रूढ आहे. नव्या संहितेत शिक्षांच्या यादीत ‘कम्युनिटी सर्व्हिस’ ही सहावी शिक्षा आली, तिथेही ‘विथ’च.

शिक्षा नसलेली ‘पनिशिंग’

एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांना टेकतो, तेव्हाच्या सोलापूरला ‘अ पनिशिंग समर’ म्हणता येतं, जीव काढणारा उन्हाळा. ‘अ पनिशिंग शेड्यूल’ म्हणजे कंबरडं मोडणारं वेळापत्रक. क्रिकेटच्या समालोचनात ‘ही पनिश्ट द लूज बॉल’ ऐकू येतं, म्हणजे ढिला चेंडू फलंदाजानं सोडला नाही. आणि स्वतःला दोष देत झुरणाऱ्या मैत्रिणीला सांगायचं असेल तर ‘स्टॉप पनिशिंग युअरसेल्फ.’

पुन्हा अण्णांच्या पानाकडे

शेवटी पत्र असं झालं, वाचून दाखवते: ‘रिस्पेक्टेड हेडमास्टर, माय सन स्टडीज इन क्लास सिक्स. ऑन ट्यूझडे ही केम टू स्कूल टेन मिनिट्स लेट. दॅट वॉज हिज फॉल्ट. ही वॉज पनिश्ट फॉर इट बाय बीइंग मेड टू स्टँड इन द सन फॉर अ होल पीरियड. ही हॅड अ फीव्हर दॅट नाइट. प्लीज करेक्ट हिम व्हेन ही इज राँग. प्लीज डू नॉट पनिश एनी चाइल्ड इन धिस वे.’

‘दॅट वॉज हिज फॉल्ट’ हे वाक्य मी आधी घातलं नव्हतं. अण्णांनी घालायला लावलं. “चूक त्याची होती, ते पहिलं लिहा,” म्हणाले. आणि ‘माय सन’च्या जागी शेवटी ‘एनी चाइल्ड’ करायला त्यांनीच सांगितलं, कारण त्या दिवशी मैदानात त्यांचा मुलगा एकटा नव्हता.

कलम 17 घालू का, म्हणून मी विचारलं. तळहातावरचा आकडा त्यांनी एकदा पाहिला. “पहिल्या पत्रात नको. ऐकलं नाही तर दुसऱ्यात घालू.”

मग त्यांनी पत्र माझ्यासमोर दोनदा मोठ्यानं वाचलं. पहिल्या वेळी ‘पनिशेड’ म्हणाले, दुसऱ्या वेळी ‘पनिश्ट’. मी ते टाइप करून देते म्हटलं, तर त्यांनी मान हलवली आणि कोरा कागद मागितला. स्वतःच्या हातानं, एकेक अक्षर जोडत, त्यांनी ते उतरवून घेतलं.